नाटक-भजनाने मुलांचा बुजरेपणा कमी होतो का?

घरात अखंड बोलणाऱ्या तुमच्या मुलीला वर्गात उभे राहिले की आवाज फुटत नाही, आणि नाटक किंवा भजनाने फरक पडेल का, असे तुम्ही विचारले आहे. फरक पडतो, मात्र सुरुवात एकटीच्या भाषणापासून करू नये. २६ जानेवारीला पाठ केलेले भाषण म्हणायला लावण्याची हौस बहुधा मोठ्यांचीच असते. विदर्भात गावोगावी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर म्हटली जातात. आधी तिला अशा भजनात बसवावे; तिथे हाताला ताल सांभाळायचा असल्याने लाजायला सवड मिळत नाही आणि चुकलेला शब्द समूहाच्या आवाजात विरून जातो. काही आठवडे असे गेल्यावर एखादे कडवे तिला एकटीला द्यावे. तुम्ही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडे राहत असाल, तर धानाची कापणी आटोपल्यावर रंगणारी दंडार, म्हणजे तिकडचे लोकनाट्य, तिला अवश्य दाखवावी, कारण दिवसा बांधावर दिसणारा ओळखीचा माणूस रात्री सोंग घेऊन निर्धास्त बोलताना पाहणे हाच एक धडा असतो. घरी सराव घेताना तिला अंगणाच्या एका टोकाला उभे करून तुम्ही दुसऱ्या टोकाला बसावे आणि ऐकू न आल्यास मध्येच न टोकता फक्त हात वर करावा. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ असा आग्रह तर मुळीच करू नये.