अनंताची पानं पिवळी का पडतात?

प्रश्न : ताई, गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत अनंत लावलाय. माती माहेरच्या शेतातली, शिरोळची काळी कसदार. पाणी बोअरचं. नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. हिराकस घालून झाला, चहाचा चोथाही घालते. आणखी काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : खालची जुनी पानं पिवळी असती तर नत्र कमी पडलं म्हटलं असतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. मातीत ते असतं, पण सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी माती आंबट) साडेसातच्या वर गेला की मुळांना घेता येत नाही. अनंताला सामू 5 ते 6 लागतो. हिराकस म्हणजे लोहाचंच खत, पण तोही तुमच्या मातीत पडल्या पडल्या निकामी झाला.

शिरोळची माती उसाला सोनं, अनंताला नाही. चिमूटभर वाळकी माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली की चुनखडी आहे समजा. मग सामू उतरवायला म्हणून गंधकावर पैसे घालवू नका. त्याचं आम्ल चुनाच खाऊन टाकतो.

सरळ कुंडी मोकळी करा, जूनमध्ये केलंत तर उत्तम. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती 2 भाग, धुतलेलं कोकोपीट 1 भाग, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत 1 भाग.

आता पाणी. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरलाय का बघा. तो बोअरमधला क्षार. नव्या मातीला तेच पाणी घालत राहिलात तर हळूहळू तीही बिघडणार. नळाचं पाणी घाला, आणि पावसाळ्यात गच्चीच्या पाइपखाली पिंप लावा. कोल्हापुरात राहून पावसाचं पाणी गटारात सोडायचं म्हणजे कमालच!

तोवर चिलेटेड लोह द्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. त्याचे प्रकार असतात, दुकानात ‘ईडीडीएचए’ असं स्पष्ट सांगून मागा. ‘ईडीटीए’ फवारायला चालतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. गुण नव्या फुटीवर बघा, जुनी पानं पिवळीच राहतील कदाचित.

कळ्या गळतात त्या बहुधा उन्हानं आणि माती एकदा सुकून, एकदा चिंब होऊन. एप्रिल-मेमध्ये कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा.

चहाच्या चोथ्यानं सामू काही उतरत नाही. घालायचाच तर धुऊन घाला. आपल्या चहातल्या साखरेनं मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीडही वाढते.