व्हायरस दिसत नाही, मग हृदयाची गोळी कशाला?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमचे हे ५४ वर्षांचे, २०११ पासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू आहे, एक दिवस गोळी चुकलेली नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, कितीतरी वर्षं 'नॉट डिटेक्टेड' येतोय. गोळ्यांची बाटली आम्ही चहाच्या डब्यात लपवून ठेवतो कारण सुनेला माहीत नाहीये. आता एआरटीच्या डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करा म्हटलंय, पण कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे! शुगर निघाली म्हणून मेटफॉर्मिन पण आहे. मागच्या आठवड्यात छातीत जड वाटलं म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेलो तर फाइल बघून म्हणाले, यांना हे होणारच, आणि ईसीजी न काढताच घरी पाठवलं. एवढं सांभाळूनही हे का? – एक बहीण, इंदूर

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर, आधी ईसीजी. तो अजून झाला नसेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आजच काढून घ्या, एमवायला (तुमच्या सरकारी हॉस्पिटलला) जा नाहीतर घराजवळ जिथे होईल तिथे, आणि परत जड वाटलं, घाम आला, हात दुखला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नका. आणि त्या खाजगी दवाखान्यात जे बोलले ना, ते वाचून मला खरंच खूप राग आला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला कायद्याने बंदी आहे, २०१७ चा कायदा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुठे दाद मागायची ते १०९७ या फुकट हेल्पलाइनवर विचारा.

आता तुमचं 'का'. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री भट्टी बंद केली तरी कढई किती वेळ गरम राहते बघितलंय ना? तसंच आहे हे. एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) फार मारतो, ते अस्तर नंतरही पूर्ण भरून येत नाही, मग आतड्यातल्या जंतूंचे बारीक तुकडे रक्तात झिरपत राहतात आणि शरीराची फौज कायम जागी. ही मंद सूज रक्तवाहिन्यांच्या आत थर जमवते, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला असला तरी. पण म्हणून कोणी एआरटीच्या गोळ्या बंद करायचा सल्ला दिला तर मुळीच ऐकू नका. २००६ मध्ये ५,४७२ जणांच्या एका मोठ्या अभ्यासात एका गटाची औषधं मधेमधे थांबवली तर त्यांच्यातच मृत्यू आणि हृदय, किडनी, लिव्हरचे आजार जास्त निघाले, अभ्यास आवरता घ्यावा लागला.

लॅबमध्ये हे कळलं, पण पेशंटच्या हातात काय द्यायचं? त्यासाठी २०१५ मध्ये रिप्रीव्ह नावाची ट्रायल सुरू झाली, १२ देश, आपला भारतही त्यात, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ लोक, सगळे एआरटीवर आणि हृदयाचा धोका कमी किंवा मध्यम, म्हणजे बघा, अगदी तुमच्या यांच्यासारखे. अर्ध्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. २०२३ मध्ये निकाल आला की हार्ट अटॅक, स्ट्रोक असे मोठे प्रकार ३५ टक्क्यांनी कमी. फायदा इतका स्पष्ट की ट्रायल वेळेआधीच थांबवली. तर तुमच्या डॉक्टरांनी उगाच गोळी वाढवलेली नाही. पण दुसरी बाजू पण सांगते, स्टॅटिनवाल्यांमध्ये नवा डायबेटीस थोडा जास्त निघाला (५.३ टक्के, दुसऱ्या गटात ४ टक्के) आणि स्नायू दुखण्याच्या तक्रारीही, म्हणून पाय-मांड्या विनाकारण दुखायला लागल्या तर सांगायचं, स्वतःच बंद करायची नाही. स्टॅटिन कुठलं ते एआरटीची फाइल दाखवूनच ठरवा, कारण रिटोनाव्हिर असलेल्या एआरटीबरोबर सिमव्हास्टॅटिन अजिबात चालत नाही.

मेटफॉर्मिनचं मात्र नीट बघा. यांच्या एआरटीच्या गोळीत डॉल्युटेग्राविर असेल (सरकारी सेंटरवर हल्ली बहुतेकांना तीच मिळते) तर मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं, सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. शुगरवाल्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलंच नसेल तर त्यांना हे कळणार कसं, तेवढं धाडस कराच. डॉल्युटेग्राविरने क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वर दिसतं, त्यात दरवेळी किडनी बिघडलेली नसते, पण एआरटीत टेनोफोव्हिर हे औषधही असेल तर किडनीची तपासणी चुकवू नका. अ‍ॅसिडिटीचं अँटासिड घेत असतील तर एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर.

बीपी असेल तर सकाळच्या पोह्यांवरची शेव कमी करा, इंदूरकराला हे सांगताना मलाच वाईट वाटतं, पण करा. तंबाखू असेल तर ती आधी.

आणि स्टॅटिनची स्ट्रिप चहाच्या डब्यात लपवायची काही गरज नाही हो ताई, टीव्हीजवळ ठेवा, ती अर्ध्या मोहल्ल्यात घरोघरी असते, सूनच रोज आठवण करून देईल.