एसजीपीटी नॉर्मल आहे, मग सोनोग्राफी कशाला?

एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी. हेपटायटीस बी (लिव्हरला सूज आणणारा व्हायरस) असलेल्यांचा वरचा प्रश्न खानापूरपासून अथणीपर्यंत फिरून फिरून माझ्याकडेच यालाय, म्हणून त्याचं उत्तर जरा लांब देणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

नवऱ्याला हेपटायटीस बी निघालंय. ताट-वाटी वेगळी करू काय? (खानापूर)

नको. जेवणातून पसरत नाही. रेझर, ब्रश, नेलकटर तेवढं वेगळं ठेवा आणि तुमची स्वतःची टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर लस घ्या.

मी पॉझिटिव्ह आहे, सातवा चालू आहे. बाळाला दूध पाजवलं तर चालतं का? (बेळगाव, वडगाव)

चालतं. पण बाळंतपण दवाखान्यातच, लस २४ तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) आधीच विचारून ठेवा. व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती ते) याच आठवड्यात करा, जास्त आला तर तुम्हालाच गोळी घ्यावी लागेल. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० पोरांत साधारण ९० जणांना हा आजार कायमचा चिकटतो, मोठ्या माणसात ५ सुद्धा नाही, म्हणून घाई.

१२ वर्षं पॉझिटिव्ह आहे, एसजीपीटी नॉर्मल, "नुसता कॅरिअर" (व्हायरस अंगात, पण आजार नाही) म्हणून सांगितलंय. पोरगा म्हणतो व्हायरस मायक्रोआरएनए बिघडवून कॅन्सर करतो. मला तर काहीच त्रास नाही. (निपाणी)

पोरगा बरोबर आहे, आणि "नुसता कॅरिअर" हा शब्द ज्यानं काढला त्याच्यावर माझा जुना राग आहे. एसजीपीटी म्हणजे लिव्हरची पेशी दुखावली की रक्तात सांडणारं एन्झाइम. पेशी न फुटता आत काय चाललंय ते त्याला काय माहीत?

आता मायक्रोआरएनए. साधारण २२ अक्षरांचा इवलासा तुकडा, स्वतः प्रोटीन बनवत नाही, दुसऱ्या जीनचा निरोप अडवतो. उसाला दारं धरणारा गडी बघा, पाणी काय तो बनवत नाही, कुठली सरी चालू आणि कुठली बंद एवढंच त्याच्या हातात, पण तो गेला की सगळ्या रानात पाणी. (१९९३ मध्ये एका किड्यात हे पहिल्यांदा सापडलं, अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं २०२४ ला.) लिव्हरमध्ये असल्या गड्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एकच, मिर-१२२. बी चा व्हायरस काय करतो, त्याचा स्वतःचा आरएनएच मिर-१२२ ला स्पंजसारखा शोषून धरतो, मग एरवी मिर-१२२ दाबून ठेवतो ते सायक्लिन जी१ प्रोटीन मोकाट सुटतं आणि पी५३ नावाचा राखणदार ढिला पडतो. वर व्हायरसचं एचबीएक्स प्रोटीन मिर-२१ हा दुसरा गडी वाढवतं, तो पीटीईएन हा पेशीच्या वाढीचा ब्रेक निकामी करतो, आणि लेट-७ हा तिसरा गडी कमी झाला की पेशी वाढवणारं एसटीएटी३ जोर करतं. मिर-१२२ काढून टाकलेल्या उंदरांना पुढं फॅटी लिव्हर, फायब्रोसिस (लिव्हरमध्ये वण) आणि कॅन्सर झाला, व्हायरस नसताना. तुमच्यात तर व्हायरसचा डीएनए आपल्या डीएनएत घुसतो ते वेगळंच, वर्षानुवर्षांची सूज वेगळी. नुसता मायक्रोआरएनएवर सगळा दोष घालू नका.

म्हणून बी मध्ये सिऱ्हॉसिस (वणांनी लिव्हर टणक होणं) न होताही कॅन्सर होऊ शकतो, आणि दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, येतो तेव्हा गाठ मोठी झालेली असते. चाळिशी ओलांडलेला पुरुष, पन्नाशी ओलांडलेली बाई, सिऱ्हॉसिस असलेला कोणीही, घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल तो, यांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास सोबत एएफपी ही रक्ततपासणी. तुमचं वय लिहिलं नाही. या महिन्यात लिव्हरच्या डॉक्टरला दाखवा, व्हायरल लोड घेऊन.

लॅबवाला मायक्रोआरएनएचं पॅकेज करा म्हणतो, कॅन्सर आधीच कळतो म्हणे. (चिक्कोडी)

वर एवढं कौतुक केलं म्हणून लगेच विकत घेऊ नका. संशोधन चालू आहे, पण कॅन्सर हुडकायला ही टेस्ट नेहमीच्या तपासणीत बसत नाही, रिपोर्ट वर-खाली आला तर पुढं करायचं काय, लॅबवाला सांगणार आहे होय? त्या पैशात सोनोग्राफी होते. आणि २८ जुलै २०१८ पासून सरकारचा हेपटायटीस कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि गोळ्या फुकट, जिल्हा रुग्णालयात विचारा.

भावाला कावीळ, पोट फुगलंय. गावात एकजण हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवतो, गुण येतो म्हणतात. (हुक्केरी)

आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि चुन्याचं पाणी, निरोग्याचे हात धुतले तरी पिवळंच निघतं. बऱ्याच काविळी आपोआप उतरतात, नाव याचं होतंय. पोट फुगलंय म्हणजे ते प्रकरण नाही हे. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच न्या.

बुरशी धरलेल्या शेंगा भाजून खाल्ल्या तर? (गोकाक)

टाकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण जात नाही, आणि हेपटायटीस बी सोबत असेल तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीनं वाढतो. पॉझिटिव्ह असाल तर डॉक्टरला हेही सांगा.

५ वर्षं गोळी चालू, व्हायरस दिसत नाही आता. बंद केली तर? (बेळगाव, शहापूर)

मनानं करू नका, व्हायरस एकदम उसळून लिव्हर फेल झालेली माणसं असतात. गोळीनं कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य नाही, तेव्हा सोनोग्राफी चालूच. ज्यांनी गोळी सुरू केली त्यांनाच विचारा, आणि मोबाईलवरचे अर्धे कापलेले फोटो दाखवू नका, जुनी फाईल शोधून घेऊन जा.