फ्रान्सच्या ग्रामीण भागात दोघांनीच गाडीने फिरायचं असेल तर आखणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नवरा-बायको, हाताशी आठ रात्री, भारतीय लायसन्स, दोघांनाही गाडी येते, फ्रेंच येत नाही, एकजण शाकाहारी. यादीत मों-साँ-मिशेल, ल्वारचे राजवाडे, दोर्दोन्य, प्रोव्हान्स आणि नीस. जमेल का?

जमणार नाही. जमवलंत तर आठ दिवस फक्त महामार्ग बघाल. खेडी आणि नद्या असतात त्या डी क्रमांकाच्या, म्हणजे जिल्हा रस्त्यांवर. तिथे बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ८० आहे, काही जिल्ह्यांत ९०. वळणं, गावं, ट्रॅक्टर आणि चौकाचौकातली गोल सर्कलं धरून सरासरी ५० च्या वर जात नाही. म्हणजे १०० किलोमीटरला दोन तास. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वेळ गाडीत गेला की गाव बघायला उतरावंसंच वाटत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: एका-दोन नद्यांची खोरी धरा आणि बाकीची यादी पुढच्या खेपेला ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी नैऋत्येकडचं दोर्दोन्य आणि त्याच्या दक्षिणेचं लोत, ही दोन खोरी सुचवेन. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने बोर्दोला दोन तासांच्या आसपास लागतात. गाडी तिथेच घ्या आणि तिथेच परत करा. पॅरिसमध्ये गाडी घेऊन पहिल्याच दिवशी, उलट्या बाजूने चालवण्याचा सराव नसताना तिथल्या रिंगरोडवर उतरायची काही गरज नाही.

बोर्दोहून ए ८९ महामार्गाने दोर्दोन्यमधल्या सार्ला गावाला अडीच तास. सार्लाच्या परिसरात चार रात्री राहा. इथे दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत कड्याला टेकून वसलेलं ला रोक-गाजाक, टेकडीवरचं तटबंदीचं दोम आणि नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे असलेले बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले आहेत. शतवार्षिक युद्धात बेनाक फ्रेंचांकडे होता, कास्तेलनो इंग्रजांकडे. त्यामुळे एकावर उभं राहून दुसऱ्याकडे बघितलं की मधली नदी ही सरहद्द होती हे न सांगता कळतं. सार्लाचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. नऊच्या आत पोहोचा, दहानंतर पार्किंग मिळत नाही. एक दिवस मोंतिन्याकच्या लास्को ४ ला द्या. लास्को म्हणजे आदिमानवाच्या भित्तिचित्रांची गुहा. मूळ गुहा १९४० मध्ये सापडली आणि चित्रं खराब होऊ लागल्याने १९६३ मध्ये बंद झाली. २०१६ अखेरीस उघडलेली ही तिची पूर्ण प्रतिकृती आहे. अस्सल चित्रंच बघायची असतील तर ले-झेझीजवळच्या फों-द-गोम गुहेत रोज मोजक्याच लोकांना सोडतात, तेव्हा विमानाच्या तिकिटापाठोपाठ हेच आरक्षण करा.

मग कड्यावर वसलेलं तीर्थक्षेत्र रोकामादूर आणि पादिराक. सार्लाहून रोकामादूरला सुमारे एक तास. गाडी वरच्या लोस्पिताले वस्तीत लावून पायी किंवा लिफ्टने खाली उतरा. पादिराक हा जमिनीला पडलेला प्रचंड विवर आहे. १०३ मीटर खाली भूमिगत नदी आहे आणि तीतून नावेने नेतात. आत तापमान १३ अंश असतं, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी जाकीट सोबत हवंच. तिथून दक्षिणेला उतरून लोत नदीकाठी तीन रात्री. तिथे बघायचं म्हणजे कड्यावरचं साँ-सिर्क-लापोपी गाव, काओरचा चौदाव्या शतकातला वालांत्रे पूल, आणि काब्रेरेजवळची पेश मेर्ल गुहा. ठिपकेवाल्या घोड्यांची ती प्रसिद्ध चित्रं इथेच आहेत, तीही अस्सल. दिवसाला ७०० लोकांची मर्यादा आहे आणि सप्टेंबरातही ती भरते. शेवटची रात्र साँतेमिलियोंच्या द्राक्षमळ्यांत काढा, तिथून बोर्दो तासाभराच्या आत येतं.

आता कागद. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट दोघांचंही काढा. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत नसेल तर परमिटला किंमत नाही. गाडीच्या करारावर दोघांची नावं चालक म्हणून लिहून घ्या, त्याचे थोडे जास्त पैसे लागतात. नाव नसलेल्याने गाडी चालवली आणि ठोकली, तर विमा लागू होत नाही. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं खरं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर अनेक काउंटर गाडी देत नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार, कॉन्टॅक्टलेस आणि मर्यादा हे तिन्ही चालू केल्याची खात्री करा. शिवाय दुसऱ्या बँकेचं आणखी एक कार्ड हवं.

गाडी लहान घ्या, रेनो क्लिओ किंवा प्यूजो २०८ एवढी. गावातल्या दगडी भिंतींमधून याहून रुंद गाडी नेताना घाम फुटतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं निवडा, कारण तिथे मॅन्युअलच जास्त असतात. मी ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे नक्की देईन. उजव्या हाताने गिअर टाकणं एक वेळ जमतं, पण सर्कलमध्ये शिरताना रस्ता, बाजू आणि गिअर असं तिन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. बोर्दोऐवजी छोट्या गावातून गाडी घेणार असाल, तर तिथलं भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस दुपारी १२ ते २ आणि रविवारी बहुधा बंद असतं. रेल्वेची वेळ त्याप्रमाणे ठरवा. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिम, बंपरचे कोपरे आणि पुढची काच यांचे फोटो काढा. रिटर्नला वाद होतो तो याच ठिकाणांवरून. पिवळं-केशरी चमकदार जाकीट आणि त्रिकोण गाडीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. जाकीट डिकीत नाही, हाताशी ठेवा, कारण गाडी बंद पडली तर ते घालूनच उतरायचं असतं.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय अर्ध्या दिवसात होते. धोका असतो तो सवय झाल्यानंतर: सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना आणि डावीकडे वळताना. समोर एकही गाडी नसते आणि हात आपोआप जुन्या बाजूला नेतो. अशा प्रत्येक वेळी शेजारच्याने मोठ्याने ‘उजवी बाजू’ म्हणायचं, असं आधीच ठरवून टाका. दुसरी चूक म्हणजे गाडी उजवीकडे सरकणं. भारतात आपण उजव्या सीटवर बसतो आणि अंदाज तसाच बसलेला असतो. डाव्या सीटवर बसून तोच अंदाज लावला की उजवा आरसा भिंतीला घासतो. गाडी उजवीकडे ओढली जातेय हे शेजारी बसलेल्याला आधी दिसतं. त्याने सांगितलं की वाद न घालता ऐकावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क. खेड्यातल्या मुख्य वाटणाऱ्या रस्त्यावरून तुम्ही तीसने चाललात, आणि उजव्या हाताच्या दोन घरांमधल्या बोळातून एखादे आजोबा जुन्या रेनोतून न थांबता थेट तुमच्यासमोर येतात. चूक त्यांची नाही. बोळाच्या तोंडाशी थांबण्याची पांढरी रेघ किंवा पाटी नसेल तर तुम्हीच थांबायचं. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, टोकावर उभा असलेला, दिसला की तुमचा रस्ता प्राधान्याचा. त्यावर काळी तिरकी रेघ आली की ते संपलं. सर्कलमध्ये बहुतेक ठिकाणी उलट, आत असलेल्याचा म्हणजे डावीकडून येणाऱ्याचा हक्क. गावाचं नाव लाल चौकटीच्या पाटीवर आलं की तिथून ५०, वेगळी पाटी असो वा नसो. नावावर रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं. महामार्गावर १३०, पावसात ११०. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नाही तर १३५ युरो. हातात फोन धरला तरी तेवढाच दंड. कॅमेऱ्याची पावती गाडीच्या कंपनीकडे जाते आणि ती वर स्वतःचं शुल्क लावते.

पाट्या रस्त्याच्या क्रमांकापेक्षा गावाच्या नावाने वाचा. डीचे क्रमांक जिल्ह्यागणिक बदलतात, एकच रस्ता हद्द ओलांडली की दुसऱ्या क्रमांकाचा होतो. सुंदर रस्ता शोधायचा असेल तर मिशलँचा कागदी नकाशा घ्या. त्यात निसर्गरम्य रस्त्यांना हिरवी किनार असते. फोनवरचा नकाशा वेळ वाचवतो खरा, पण दोन मिनिटांसाठी तुम्हाला शेतातल्या एकेरी वाटेवर घालतो.

टोलनाक्यावर हिरव्या बाणाची लेन पकडा. नारिंगी ‘टी’ एकटाच असेल ती लेन टॅगवाल्यांची, तिथे शिरलात तर मागे रांग लागते. काही भारतीय कार्डं यंत्र नाकारतं, म्हणून तीसेक युरो सुटे ठेवा. अडकलात तर मदतीचं बटण दाबा आणि थांबा, रिव्हर्स घेऊ नका.

इंधन स्वस्त मिळतं ते सुपरमार्केटच्या पंपावर, म्हणजे ल्क्लेर, अँतरमार्शे, सुपर यू. रात्री आणि रविवारी तिथे फक्त कार्ड चालतं आणि शंभर-दीडशे युरो आधी अडवून ठेवले जातात. तेवढी मर्यादा शिल्लक नसली तर पंप सुरूच होत नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी टाकी भरून घ्या. तिथे डिझेलला गाझोल म्हणतात. टाकीच्या झाकणाच्या आतलं चिन्ह बघा: गोलात ई म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी म्हणजे डिझेल. चुकीचं भरलंत तर इंजिन सुरू करू नका, चावीलाही हात लावू नका, थेट कंपनीला फोन करा.

पार्किंगमध्ये निळ्या रेषा दिसल्या की घड्याळाची पुठ्ठ्याची तबकडी काचेमागे ठेवून आल्याची वेळ लावायची. ती तंबाखूच्या दुकानात मिळते. आदल्या संध्याकाळी गावच्या चौकात गाडी लावताना बाजाराचा वार लिहिलेली पाटी आहे का हे नक्की बघा. पहाटे दुकानं मांडायच्या आधी गाड्या उचलून नेतात.

मुक्कामाला हॉटेलपेक्षा शांब्र दोत बरं. घरमालकाच्याच घरातल्या जास्तीत जास्त पाच खोल्या, नाश्ता धरून. पोहोचायची वेळ साधारण ५ ते ७, उशीर होणार असेल तर कळवणं सक्तीचंच समजा, कारण दार उघडायला दुसरं कोणी नसतं. व्हिसाच्या अर्जातला मुक्कामांचा क्रम आणि ही बुकिंगं एकमेकांशी जुळली पाहिजेत.

जेवणाचं वेळापत्रक मात्र हलत नाही. दुपारी बारा ते दीडच्या आत टेबलावर बसा, दोननंतर स्वयंपाकघर बंद. रात्री साडेसात ते नऊ. रविवारी रात्री आणि सोमवारी बरंच काही बंद असतं, म्हणून रविवारी सकाळी ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा.

शाकाहारी माणसासाठी हा भाग सोपा नाही, कारण इथला स्वयंपाक बदकाच्या चरबीवर चालतो. सार्लादेज बटाटे दिसायला निव्वळ बटाटे, लसूण आणि पार्स्ली, पण परतलेले असतात त्याच चरबीत. तूरँ हे लसणाचं सूपही बहुधा तसंच. ऑर्डर देताना ‘सां व्यांद, सां प्वासों, सां ग्रेस द कानार’ म्हणा, म्हणजे मांस, मासे, बदकाची चरबी नको. गरम रोकामादूर चीजचं अक्रोडाचं सॅलड मिळतं, पण त्यात बेकनचे तुकडे किंवा बदकाच्या पोटातले भाग टाकतात, म्हणून ‘सां लार्दों, सां जेझिए’ हेही जोडा. सेप नावाच्या रानमश्रूमचं ऑम्लेट सप्टेंबर-ऑक्टोबरात अप्रतिम असतं, अंडं चालत असेल आणि ते लोण्यात केलेलं असेल तर जरूर घ्या. दोन-तीन रात्री स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर बाजारातल्या भाज्या आणि अक्रोडाचं तेल यावर उत्तम निभावतं. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हटलं की ते फुकट येतं.

वाइन चाखायला गेलात तर त्या दिवशी एकानेच चाखायची. कायद्याची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकणं तिथे अगदी रीतीचं मानतात, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं.

धडक बसली तर दोन्ही चालकांनी मिळून भरायचा दुर्घटनेचा फॉर्म गाडीत असतो. समजल्याशिवाय सही करू नका, कारण पुढच्या पानावर सही झाल्यावर एकट्याने केलेला बदल चालत नाही. आकृतीत आपली बाजू नीट दाखवा आणि समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या. आणीबाणीला ११२. महामार्गावर गाडी बंद पडली तर दोघांनीही उजव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे जायचं आणि केशरी एसओएस फोनवरून किंवा ११२ वर बोलायचं. कंपनीची टोइंग गाडी तिथे येऊ शकत नाही, परवानगी असलेलीच येते.