संग्रहालयात जुन्या चित्रांच्या दालनात इतका मंद उजेड का ठेवतात? नीट दिसतच नाही.

कारण प्रकाशाने झालेलं नुकसान भरून येत नाही. कागद, रेशीम, नैसर्गिक रंग यांवर पडलेल्या उजेडाचा परिणाम साठत जातो आणि रंग कायमचे उडतात. म्हणून लघुचित्रं, हस्तलिखितं, जुनी वस्त्रं यांच्यासाठी साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) मर्यादा पाळतात. तैलचित्रांना 200 पर्यंत चालतं. बाहेर भर उन्हात 1 लाख लक्स असतात! उन्हातून थेट आत शिरलं की अंधारच वाटणार. चांगल्या मांडणीत वाटेतला उजेड टप्प्याटप्प्याने कमी करतात, तेव्हा तेच 50 लक्स पुरेसे वाटतात.

दगडी मूर्तींची गोष्ट वेगळी. त्यांना प्रकाशाचं भय नाही, पण समोरून झोत टाकला की मूर्ती सपाट दिसते. बाजूने तिरपा टाकला की दागिन्यांचं कोरीवकाम, ओठांवरचं हसू उठून येतं.

मला खरा राग येतो तो काचेवरच्या चकाकीचा आणि बारीक अक्षरांतल्या पाट्यांचा. तिथे संवर्धनाचं कारण चालणार नाही, ती मांडणीतलीच चूक आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर लघुचित्रांसमोर दोन-तीन मिनिटं थांबून बघा. डोळे सरावले की बारीक रेषा हळूहळू दिसू लागतात.