१२८ बिटचे ४ जीबी की ६४ बिटचे २ जीबी : प्राथमिक ग्राफिक्स कार्डाचे तपशील कसे वाचावेत

नमस्कार.

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्याकडे आय५-४५७० प्रोसेसरचा, एखाद्या कार्यालयात वापरून झालेला आणि पुन्हा दुरुस्त करून विकलेला, छोट्या कॅबिनेटचा संगणक आहे. त्यात ८ जीबी रॅमची एकच पट्टी आहे आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) २४० वॅटचा आहे. मुलीला व्हिडिओ संपादन शिकायचे आहे आणि अधूनमधून एखादा साधा गेमही खेळायचा आहे. दुकानदाराने दोन कार्डे दाखवली आहेत : एक जीटी ७३०, ४ जीबी डीडीआर३, १२८ बिट, दुसरे जीटी १०३०, २ जीबी जीडीडीआर५, ६४ बिट (डीडीआर३ आणि जीडीडीआर५ हे मेमरीचे प्रकार). पहिल्याची मेमरीही दुप्पट आणि बिटही दुप्पट, शिवाय ते स्वस्त. मग दुसरे का घ्यावे, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. या दोहोंपैकी पहिले कार्ड घेऊ नका, ते आणखी स्वस्त मिळाले तरीही. आपल्याला दाखवलेले दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांत फसवणूक काहीच नाही. परंतु ते दोन्ही अपुरे आहेत, आणि ज्या तिसऱ्या आकड्याने निकाल लागतो तो आकडा बहुतेक बॉक्सवर छापलेलाच नसतो. तो आपण स्वतः काढायचा असतो.

विहिरीवरची मोट आठवून पाहा. पाटाला पाणी किती मिळणार हे विहीर किती खोल आहे यावर ठरत नाही. मोट केवढी आणि ती मिनिटाला किती वेळा वर येते, या दोहोंच्या गुणाकारावर ते ठरते. ग्राफिक्स कार्डावरची ४ जीबी मेमरी म्हणजे विहीर. १२८ बिट किंवा ६४ बिट ही बसची, म्हणजे मेमरी आणि चिप यांमधील वाटेची, रुंदी म्हणजे मोटेचा आकार. आणि मेमरीचा प्रत्यक्ष वेग, म्हणजे डीडीआर३ की जीडीडीआर५ यावरून ठरणारा वेग, म्हणजे फेऱ्या. दुकानात विहिरीबद्दल बोलतात, फार झाले तर मोटेबद्दल बोलतात. फेऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही.

हिशेब असा करायचा. बसची रुंदी बिटमध्ये घ्या, तिला मेमरीच्या गिगाबिट प्रति सेकंद या वेगाने गुणा आणि ८ने भागा. येणारे उत्तर गिगाबाइट प्रति सेकंद या मापात असते. यालाच मेमरी बँडविड्थ म्हणतात. जीटी ७३०च्या १२८ बिट आवृत्तीतील डीडीआर३ मेमरीचा वेग १.८ गिगाबिट आहे, म्हणून १२८ गुणिले १.८ भागिले ८, म्हणजे २८.८ गिगाबाइट. जीटी १०३०च्या जीडीडीआर५ मेमरीचा वेग ६ गिगाबिट आहे, म्हणून ६४ गुणिले ६ भागिले ८, म्हणजे ४८ गिगाबाइट. मोट निम्मी असूनही पाणी दीडपटीहून अधिक आले.

येथे एका आकड्याने अनेकांचा घोटाळा होतो. मेमरीचा वेग काही ठिकाणी मेगाहर्ट्झमध्ये मूळ घड्याळाचा देतात, तर काही ठिकाणी परिणामी वेग देतात. डीडीआर प्रकारात घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून ९०० मेगाहर्ट्झ आणि १८०० मेगाहर्ट्झ हे एकाच कार्डाचे वर्णन असू शकते. जीडीडीआर५मध्ये सुमारे १५०० मेगाहर्ट्झचे घड्याळ ६००० इतका परिणामी वेग देते. त्यामुळे दोन कार्डांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचे आकडे एकाच पद्धतीने लिहिलेले आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

मेमरी किती जीबी आहे याला महत्त्व का कमी, तेही पाहू. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा, प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे एक संपूर्ण चित्र साधारण ८.३ मेगाबाइटचे होते. सेकंदाला ६० चित्रे नुसती पडद्यावर पाठवायला अर्धा गिगाबाइटही पुरतो. बँडविड्थ खरोखर खर्च होते ती ते चित्र तयार करताना : एकाच बिंदूसाठी पृष्ठभागांची चित्रे अनेकदा वाचावी लागतात, कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे याची नोंद पुन्हा पुन्हा तपासावी आणि लिहावी लागते, सावल्या आणि पारदर्शक थर यांसाठी तोच बिंदू परत परत रंगवावा लागतो. हे काम ज्या कार्डाला झेपत नाही त्याला ४ जीबी मेमरी दिली, तर ती मेमरी भरण्याइतक्या जड मांडणीवर गेम चालवण्यापूर्वीच कार्ड धापा टाकू लागते. मोठ्या कार्डांत २ जीबी आणि ४ जीबी यांतला फरक मोलाचा असतो. या वर्गातल्या डीडीआर३ कार्डात मात्र तो बॉक्स सजवण्यापुरताच उरतो.

आता गणनशक्तीकडे वळू. कार्डातील कोअरची (चिपमधील आकडेमोड करणाऱ्या छोट्या भागांची) संख्या, गुणिले २, गुणिले घड्याळाचा वेग, असा सोपा हिशेब आहे. प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून तो २. जीटी १०३०मध्ये ३८४ कोअर आहेत आणि त्याचा बूस्ट वेग १४६८ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे साधारण १.१३ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी). आपल्याला दाखवलेल्या जीटी ७३०मध्ये ९६ कोअर आहेत आणि ते १४०० मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे ०.२७ टेराफ्लॉप. चौपट फरक आहे.

‘पण जीटी ७३०मध्ये तर ३८४ कोअर असतात असे मी वाचले’, असे आपण म्हणाल, आणि तेही बरोबर आहे. या एका नावाखाली २०१४ साली तीन वेगवेगळी कार्डे आली. १२८ बिट डीडीआर३चे कार्ड जुन्या फर्मी घराण्यातील, म्हणजे चिपच्या आधीच्या पिढीतील, ९६ कोअरचे. ६४ बिट डीडीआर३चे आणि ६४ बिट जीडीडीआर५चे ही दोन्ही केप्लर घराण्यातील, प्रत्येकी ३८४ कोअरची. त्यांची बँडविड्थ अनुक्रमे २८.८, १४.४ आणि ४० गिगाबाइट. म्हणजे सर्वांत रुंद बस असलेल्या कार्डाच्या पोटात सर्वांत जुनी चिप आहे. नाव पाहून कार्ड घेणे का धोक्याचे, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

आणि हाच प्रकार जीटी १०३०बाबतही आहे, म्हणून दुसऱ्या कार्डाकडेही डोळे मिटून जाऊ नका. २०१७चे मूळ कार्ड जीडीडीआर५चे. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले, ज्याचा वेग २.१ गिगाबिट आणि बस तीच ६४ बिट. हिशेब केला तर १६.८ गिगाबाइट, म्हणजे मूळ कार्डाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि आपण नाकारत असलेल्या जुन्या कार्डापेक्षाही कमी. भाच्यासाठी कार्ड घेताना मी स्वतः येथे चुकलो होतो. बॉक्सच्या दर्शनी बाजूला नाव आणि ‘२ जीबी’ एवढेच मोठ्या अक्षरांत होते. मेमरीचा प्रकार मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होता आणि तो मी वाचला नाही. घरी आल्यावर गेम अडखळू लागला, तेव्हा मी दोन दिवस ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलत बसलो. त्या मुलाचा हिरमोड मला आजही आठवतो, आणि म्हणूनच हे उत्तर इतके लांबले आहे.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट कार्डापूर्वी तपासायला हवी. आय५-४५७० प्रोसेसरमध्ये एचडी ४६०० हे ऑनबोर्ड ग्राफिक्स आहे. कागदावर त्याची गणनशक्ती सुमारे ०.३७ टेराफ्लॉप येते, म्हणजे त्या ९६ कोअरच्या कार्डापेक्षा अधिक. त्याला स्वतःची मेमरी नाही. ते संगणकाची रॅम वापरते. आपली रॅम एकाच पट्टीत असल्याने डीडीआर३-१६०० धरली तर तिची बँडविड्थ १२.८ गिगाबाइट आहे. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की ती २५.६ होते, ऑनबोर्ड ग्राफिक्सला लगेच मोकळा श्वास मिळतो, आणि एकूण रॅम १६ जीबी झाल्याने संपादनाच्या सॉफ्टवेअरलाही त्याचा थेट उपयोग होतो. मी आपल्या जागी असतो तर पहिला खर्च या पट्टीवर केला असता आणि महिनाभर मुलीला काम करू दिले असते.

व्हिडिओसाठी कार्ड घेताना कोअर आणि बँडविड्थ यांच्या पलीकडे एक वेगळा भाग पाहावा लागतो, तो म्हणजे व्हिडिओ उलगडणारे (डीकोडर) आणि व्हिडिओ बांधणारे (एन्कोडर) स्वतंत्र सर्किट. जीटी १०३० एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओचे प्रकार स्वतः उलगडते, त्यामुळे ४के व्हिडिओ पाहताना प्रोसेसरवर ताण येत नाही. जुने फर्मी कार्ड यांपैकी काहीच करत नाही. मात्र जीटी १०३०मध्ये व्हिडिओ बांधणारे सर्किट मुळातच नाही. पडद्याचे रेकॉर्डिंग किंवा तयार व्हिडिओ निर्यात करताना त्याची मदत मिळत नाही. त्याऐवजी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मांडणीत) जाऊन ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू ठेवावे, म्हणजे प्रोसेसरमधील क्विक सिंक हे व्हिडिओ बांधणारे सर्किट ते काम करते. आरएक्स ६४०० या नव्या कार्डातही व्हिडिओ बांधण्याची सोय काढून टाकलेली आहे, त्यामुळे ‘नवे म्हणजे सर्व काही असणारच’ असे गृहीत धरू नये.

आरएक्स ६४००चा उल्लेख आलाच आहे, तर स्लॉटबद्दल थोडे. हे कार्ड लांबट स्लॉटमध्ये बसते, पण पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या वाटेच्या) केवळ ४ मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्यांतून साधारण ८ गिगाबाइट प्रति सेकंद जातात. आपल्या मदरबोर्डवर स्लॉट तिसऱ्या आवृत्तीचा असल्याने ते निम्मे होतात. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच अरुंद वाटेने आणावा लागतो आणि तेथे चित्र अडखळते. जुन्या संगणकासाठी हे कार्ड मी सुचवत नाही.

विजेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र सहा किंवा आठ पिनांची जोडणी लागते, जी आपल्यासारख्या कार्यालयीन संगणकात बहुधा नसते. बॉक्सवर ‘किमान ३०० वॅट’ असे लिहिलेले असते ते संपूर्ण संगणकाचे, सुरक्षित अंतर ठेवून दिलेले माप असते. कार्डाचा स्वतःचा वापर वेगळा : त्या जीटी ७३०चा ४९ वॅट, जीटी १०३०चा ३०. जुने, कमकुवत कार्ड अधिक वीज खाते, हेही ध्यानात घ्यावे.

ड्रायव्हरचे आयुष्य हा तपशील कोणत्याच बॉक्सवर नसतो. फर्मी घराण्याचे नियमित ड्रायव्हर २०१८मध्ये थांबले, केप्लरचे २०२१मध्ये. जीटी १०३० ज्या पास्कल घराण्यातील आहे त्याचेही नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले असून आता केवळ सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. म्हणून जीटी १०३०साठीही मी हात आखडता घेऊनच पैसे देईन. थोडे थांबून बजेट वाढवता आले, तर आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी आवृत्ती पाहा. ती २०२४मध्ये आली, ७० वॅटमध्ये चालते, वेगळी वीजजोडणी मागत नाही, तिची बँडविड्थ १६८ गिगाबाइट आहे आणि व्हिडिओ बांधण्याचे सर्किटही तिच्यात आहे. येथेही नावाची काळजी घ्यावीच लागते, कारण याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅटचे आहे आणि ते आपल्या एसएमपीएसवर चालणार नाही. ६ जीबी आवृत्तीच्या २३०४ कोअरची तुलना जीटीएक्स १६५०च्या ८९६ कोअरशी सरळ करू नका. दोन्हींच्या पिढ्यांत कोअर मोजण्याचा पाया बदलला आहे, त्यामुळे फरक आकड्यात दिसतो तेवढा खेळताना जाणवत नाही. वापरलेले जीटीएक्स १६५०, वीजजोडणी न लागणारे, चांगल्या स्थितीत मिळाले, तर तेही आपल्या कामाला पुरेसे आहे.

वापरलेले कार्ड घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या संगणकावर जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहा. त्यात शेडरची, म्हणजेच कोअरची, संख्या, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि बँडविड्थ एकाच खिडकीत दिसतात. फर्मी काळातील कार्डांचे बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआयसारख्या नावाने विकली गेली आहेत. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर असतात. शिवाय पास्कल चिपमधून ॲनालॉग संकेत निघतच नाही, म्हणून अशा कार्डाच्या मागे निळे व्हीजीए सॉकेट दिसले तर तेथेच थांबून चौकशी करावी.

त्याच कारणाने आपल्या मॉनिटरकडेही पाहावे लागेल. त्याला केवळ व्हीजीए सॉकेट असेल, तर जीटी १०३० किंवा त्यानंतरच्या कोणत्याही कार्डाबरोबर सक्रिय कन्व्हर्टर लागेल. साधा पिन बदलणारा जोड चालणार नाही. आपले कॅबिनेट अर्ध्या उंचीचे असेल, तर कार्ड लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) हवे आणि ते कॅबिनेटला कसणारी अर्ध्या उंचीची धातूची पट्टी बॉक्समध्येच आहे याची खात्री हवी. आरटीएक्स ३०५०ची लो-प्रोफाइल कार्डे मिळतात, परंतु ती साधारणपणे दोन स्लॉटची जागा घेतात. तेव्हा कॅबिनेट उघडून लांबट स्लॉटच्या शेजारची जागा रिकामी आहे का, स्लॉटपासून पुढच्या पत्र्यापर्यंत किती सेंटिमीटर अंतर आहे आणि मॉनिटरमागे कोणकोणती सॉकेट आहेत, हे पाहून येथे लिहा. एवढे कळले की नेमके कोणते कार्ड बसेल ते सांगता येईल.