या वयात डोक्यात राहील का?

चाळिशी-पन्नाशीत पुन्हा कॉलेजला जाऊ लागलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "मॅडम, वाचलेलं डोक्यातच राहत नाही. वयामुळे असेल ना?"

'वय म्हणजे नुसता आकडा' वगैरे मी सांगत नाही. वयानं वेग उतरतो, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये १९५६ साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासत गेले. झटपट ताडण्याचा वेग लवकर मंदावतो, पण शब्दसंपत्ती किंवा तर्क यांसारख्या बऱ्याच क्षमतांत साठीच्या आधी सरासरीनं ठोस घसरण दिसली नाही. तेव्हा धडा कळायला विशीतल्या पोरापेक्षा जास्त वेळ लागेल. लागू दे.

एक गृहस्थ आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वय अठ्ठेचाळीस, कारखान्यात सुपरवायझर. बढती पदवीवाचून अडलेली, म्हणून नोकरी सांभाळून प्रवेश घेतलेला. "चार-चारदा वाचतो, पण पेपर समोर आला की पाटी कोरी," म्हणाले. पुस्तक सोबत होतं. पानंच्या पानं पिवळ्या पेनानं रंगवलेली, न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. मी ते मिटलं आणि म्हटलं, "आता सांगा, काय होतं यात?" जेमतेम दोन वाक्यं आली. मग विचारलं, "बंद पडलेलं मशीन पुन्हा सुरू करताना काय काय बघता?" गडी थांबेचना.

"हे कुठं वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात? रोज कुणीतरी विचारतंच."

उत्तर त्यांनीच दिलं होतं. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ साली हेच दाखवलं. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानं पाहिलं तर पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले होते. गंमत म्हणजे जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. म्हणून मी सांगते, एकदा नीट वाचा, मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पडताळा. दोन दिवसांनी परत तेच. लिहिण्याची सवयही मोडलेली असते. तीन तासांचा पेपर हातानं लिहायचा, तर हाताचा सरावही आतापासूनच हवा.

पण नुसत्या अभ्यासाच्या युक्तीनं भागणार नाही, अशी मला शंका होतीच. नोट्सचा विषय निघाला.

"मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मी नाही."

"का?"

"कुणी घेतलं नाही."

"घ्या म्हणालात?"

ते घड्याळाचा पट्टा सारखा करत बसले. मग म्हणाले, "माझ्या मुलीच्या वयाची पोरं आहेत मॅडम. त्यांच्यापुढं काय हात पसरायचा? वर्गातही काही अडलं तरी विचारत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला हेही येत नाही, असं होतं."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं काम करणारी. अशा वेळी धीर देण्यापेक्षा समजुतीलाच प्रश्न विचारावा, हे माझं ठाम मत. म्हटलं, "तुमच्या हाताखाली नवा मुलगा आला आणि आठवडाभर त्यानं काहीच विचारलं नाही, तर?"

"त्याला मशीनला हातच लावू देणार नाही," ते लगेच म्हणाले. "न विचारणारा पोरगाच नुकसान करतो. विचारणारा लवकर तयार होतो."

आणि थांबले. बराच वेळ. मी काही बोलले नाही. समुपदेशकानं गप्प राहायची जागा ओळखावी लागते, आणि ही जागा मला बरोबर सापडली असं मला आजही वाटतं.

"म्हणजे मी तसलाच पोरगा झालोय," ते हसले.

माझ्या अनुभवात, वयाच्या नावावर खपवलेली तक्रार पुष्कळदा प्रतिष्ठेची असते. वीस-पंचवीस वर्षं लोक ज्यांना विचारत आले, त्यांना स्वतः विचारायला उठणं जड जातं. म्हणून माझा आग्रह असतो, की पहिल्याच आठवड्यात वर्गात एक साधा प्रश्न विचारा. उत्तर माहीत असलं तरी चालेल, तोंड उघडणं महत्त्वाचं. नोट्स मागा, बदल्यात तुमच्याकडचं काही द्या. हे गृहस्थ पोरांना प्रोजेक्टमधली यंत्रं समजावू लागले आणि पोरांनी त्यांना संख्याशास्त्र शिकवलं. तो पेपर तरीही एकदा राहिलाच, दुसऱ्या खेपेला सुटला.

घरच्यांशीही आधीच बोला. अभ्यासाची वेळ कोणती, तेव्हा घरातलं कोणतं काम कोण बघणार, हे ठरलेलं नसलं की पहिल्या परीक्षेच्या तोंडावर भांडण होतं.

आणि हो, सगळ्यांनीच कॉलेजला जावं असं मी म्हणत नाही. कुणाच्या जुन्या टोमण्याला उत्तर म्हणून जाणार असाल, तर प्रवेशाचा अर्ज थोडा बाजूला ठेवा. पदवी हातात आल्यावर रोज नेमकं काय वेगळं कराल, एवढं मला सांगा. ते सांगता येत असेल, तर अर्ज भरायला हरकत नाही.